आधी जाऊन यायचं

वेतवाल्याच्या घरी दर बुधवारी संध्याकाळी प्रार्थनेला माणसं जमायची ती त्याच्या बायकोमुळे. हे त्यालाही ठाऊक होतं आणि त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. त्याचा धंदा वेताच्या खुर्च्या विणायचा. पुढची खोली म्हणजे दुकान, मागची म्हणजे घर. दुरुस्तीला आलेल्या खुर्च्यांवरच प्रार्थनेची मंडळी बसायची. एखाद्या गिऱ्हाइकाने भुवया उंचावल्या तर तो सांगायचा, "विणकाम पक्कं झालंय का ते माणूस बसवूनच कळतं. आणि ही माणसं तास-तास हलत नाहीत."

बायको गाणं धरायची, पवित्र शास्त्र वाचायची, कुणाचं काय दुखतंय ते विचारायची. तो कोपऱ्यात बादली घेऊन बसायचा. भिजवलेला वेत भोकातून ओवायचा, ओढायचा, पुन्हा ओवायचा. त्याने कधी मोठ्याने प्रार्थना केली नाही. कुणी आग्रह केला तर बायकोच मध्ये पडायची. "राहू दे. त्यांचे हात कामात आहेत."

थंडी सुरू होता होता ती गेली. दुखणं फार लांबलं नाही. मधले काही बुधवार घर बंद राहिलं. मग तिच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे त्याच्या मेहुणीने, सगळ्यांना पुन्हा गोळा केलं. "ताईला आवडलं असतं," ती म्हणाली.

मंडळी आली आणि त्यांनी सगळं अगदी तिच्यासारखं केलं. गाणं तिचंच, तिच्याच खालच्या पट्टीत. सुरुवातीचं वाक्यही तिचंच, "प्रभू, आम्ही आलो आहोत, तू तर होतासच." दवाखान्यात काम करणारी नर्सबाई ते म्हणायची तेव्हा शब्द कुठे लांबवायचा, तेही बायकोसारखंच करायची. पहिल्या वेळी वेतवाल्याला बरं वाटलं. डोळे मिटले तर ती मागच्या खोलीत चहा गाळत असावी असंच वाटलं. पुढच्या बुधवारीही बरं वाटलं. त्याच्या पुढच्या वेळी मात्र तो अस्वस्थ झाला, आणि का ते त्याला सांगता येईना.

मग यायची ड्रायव्हरची पाळी. ड्रायव्हर म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर, अंगाने आडवा, आवाजाने खणखणीत. त्याची प्रार्थना एकदा सुटली की शेवटच्या स्टॉपशिवाय थांबायची नाही. राज्यकर्ते, आजारी, प्रवासी, विद्यार्थी असं करत करत तो शेवटी यजमानापाशी यायचा. "आणि प्रभू, आमच्या ह्या दुःखी भावाला अन्न गोड लागू दे. त्याला शांत झोप लागू दे."

दर बुधवारी हेच. शब्द इकडचा तिकडे नाही.

खरी गोष्ट अशी होती की वेतवाला जेवत होता. झोपतही होता. दिवसभर ओणवं बसून वेत ओढणाऱ्या माणसाला झोप लागतेच, मग दुःख असो की नसो. त्याचं दुखणं वेगळं होतं. बायको सकाळी ज्या टेबलाशी शास्त्र उघडून बसायची, तिथे तो आता बसायला लागला होता. ओळी डोळ्यांखालून जायच्या आणि आत काही म्हणजे काही हलायचं नाही. मग एका सकाळी त्याच्या मनात आलं की आपला विश्वास आपला कधी नव्हताच. शेकोटी तिची होती, आपण नुसते जवळ बसून हात शेकत होतो. आता ती विझली तर ऊब कुठून येणार?

हा विचार एकदा आला तो गेलाच नाही. बुधवारी तिथे बसणं म्हणजे त्याला लबाडी वाटायला लागली. शेवटी त्याने ठरवलं की ही प्रार्थना आपल्या घरी नको. दुसरीकडे कुठेतरी जमू देत.

त्या दिवशी मेहुणी चहाची तयारी करायला लवकर आली होती.

"भाऊजी, साखर कुठे ठेवता हो तुम्ही? ताईच्या जागेवर एक वस्तू सापडेल तर शपथ."

"पुढच्या वेळेपासून तुझ्याकडे जमा तुम्ही."

"का? घर खायला उठलं?"

"घराचं काही नाही. मला खोटं खोटं बसवत नाही."

तिने डबा खाली ठेवला. "इतकी वर्षं बसलात ते?"

"तेव्हा ती होती."

मेहुणी जिभेची तिखट, पण ह्यावर तिने आधी चहाचं पाणी गॅसवर ठेवलं. पाणी उकळायला लागलं तशी म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा. नाहीतर तो ड्रायव्हर जन्मभर तुमच्यासाठी गोड अन्न मागत बसेल. आणि मी पाठवलेला डबा तर चाटूनपुसून परत येतो. आता हे देवाला कुणी कळवायचं, मी?"

त्याला हसू आलं.

"ताईने हे एक दिवस चालवून घेतलं नसतं," मेहुणी म्हणाली. "बेकरीवाल्याचं आठवतंय ना?"

न आठवायला काय झालं! बरीच वर्षं झाली होती त्याला. मंडळीतला एक बेकरीवाला शिडीवरून पडला आणि पाय मोडून घेऊन अंथरुणाला खिळला. बुधवारची माणसं त्याच्यासाठी प्रार्थना करायला लागली. करत राहिली. ऋतू बदलला, वर्ष सरत आलं, तरी दर बुधवारी बायको कळवळून म्हणायची, "प्रभू, त्याला अंथरुणातून उठव." एकदा प्रार्थना ऐन रंगात आली असताना दारातून आवाज आला, "अहो, मी उठलोय! केव्हाचा उठलोय!" बेकरीवाला सायकल भिंतीला टेकवून, मोडकी खुर्ची खांद्यावर घेऊन उभा होता. खोलीत हशा पिकला. ड्रायव्हर तर खुर्चीवरून पडायचा बाकी होता. "उशिरा का होईना, ऐकलं देवाने," असं कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हसण्याची लाट आली.

बायको तेवढी हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासताना ती रडत होती. वेतवाल्याने समजूत घातली की चूक झाली, होतं असं कधीतरी.

"चूक कसली," ती म्हणाली. "मी पाढे म्हणत होते. देवाशी बोलत असते तर त्या माणसाला एकदा तरी बघायला गेले नसते का? देव काय कामापुरता मामा आहे, की दर बुधवारी यादी वाचायची आणि वळूनही बघायचं नाही?"

तेव्हापासून तिने एक पाळलं. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची, त्याच्याकडे आधी जाऊन यायचं. बुधवारच्या आत. सोमवार-मंगळवार ती पायांत चपला सरकवून निघायची. कुणाकडे पंधरा मिनिटं, कुणाकडे अर्धी दुपार. कधी दार उघडत नसत. कधी कुणी तोंडावर म्हणायचं, "तुमच्या प्रार्थनेने काय होणार आहे?" ती म्हणायची, "तेही विचारते त्याला." आणि बुधवारी खरंच विचारायची, सगळ्यांसमोर. तिची प्रार्थना त्यानंतर आखूड झाली. पण त्यात ओळखीची माणसं असायची. त्यांच्या घरचा वास, खोकल्याची उबळ, न बोलणारा मुलगा, गच्च लागलेली खिडकी. वेत ओवता ओवता वेतवाल्याला त्या घरांत जाऊन आल्यासारखं वाटायचं.

वय वाढलं तशी माणसं विश्वासात मुरतात म्हणतात. तिच्या बाबतीत तो दर काही वर्षांनी नव्याने उगवायचा. केस पिकल्यावर एका सकाळी ती टेबलावरून उठून त्याच्याकडे आली, चष्मा कपाळावर, चेहरा शाळकरी पोरीसारखा. म्हणाली, "अहो, उधळ्या मुलाच्या गोष्टीत बाप थोरल्यासाठीही घराबाहेर येतो! सगळं उधळून परत आलेल्या धाकट्यासाठी धावला ते सगळ्यांना पाठ आहे. पण हा रुसून अंगणात उभा आहे, तर बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो. इतकी वर्षं मी वाचलंच नव्हतं हे." मग तो दिवसभर ती त्याच एका ओळीवर होती. जेवताना, धुणं वाळत घालताना. संध्याकाळी तडक उठून आपल्या बहिणीकडे गेली. दोघींचं काही महिने बोलणं नव्हतं. तीच ही मेहुणी.

आणि सगळे दिवस असे नव्हते. एक काळ असा आला की तिच्यातलं सगळं आटलं. कारण काही नव्हतं. कुणी गेलं नव्हतं, काही बिघडलं नव्हतं. बुधवारी माणसं जमली तेव्हा तिने सरळ सांगितलं, "मला सध्या प्रार्थना करता येत नाही. माझ्या आत कोरडं ठाक आहे. तुम्ही करा, मी बसते." वेतवाल्याला तेव्हा लाज वाटली होती. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला? पण ती कितीतरी आठवडे तशीच बसली. उसनं अवसान आणलं नाही, तोंडदेखलं एक वाक्य म्हटलं नाही. रोज सकाळी टेबलाशी मात्र बसायची. सोमवार-मंगळवार चपला घालून निघायचीच. आणि मग एका बुधवारी, कुणी काही विचारलं नसताना, तिने गाणं धरलं. एवढंच. कसं परत आलं ते तिलाही सांगता आलं नाही.

"काय भाऊजी, चहा थंड करून पिणार?" मेहुणीने विचारलं, आणि तो भानावर आला. पुढच्या खोलीत माणसं यायला लागली होती.

गाणं झालं. नर्सबाईने सुरुवातीचं वाक्य म्हटलं. आणखी एक-दोघांची प्रार्थना झाली. मग ड्रायव्हरची गाडी सुटली, राज्यकर्त्यांपासून निघून विद्यार्थ्यांना घेत घेत अखेर पोचली.

"आणि प्रभू, आमच्या ह्या दुःखी भावाला अन्न गोड..."

"लागतं," वेतवाला म्हणाला.

खोलीतले सगळे डोळे उघडले.

"अन्न गोड लागतं मला. झोपही लागते. तुम्ही उगाच त्याला त्या कामाला लावू नका." हातातला वेत त्याने बादलीत सोडला. बोलायची सवय नव्हती, त्यामुळे शब्द ढकलत ढकलत आले. "माझं दुखणं दुसरं आहे. ती गेली आणि मला कळलं की माझ्याजवळ माझं काही नव्हतं. मी तिच्या जिवावर श्रद्धाळू होतो. रोज बसून बघतो. काही होत नाही. आणि रागही येतो. कुणाचा येतो ते तुम्हाला कळलं असेल. असा माणूस घरमालक म्हणून इथे बसणार, तुम्ही तिची गाणी, तिची वाक्यं म्हणणार, आणि मी मान डोलवणार. हे नको. पुढच्या बुधवारपासून दुसरीकडे जमा."

मग नर्सबाई लाल होऊन म्हणाली, "काका, दवाखान्यात जाता-येता मी रोज तुमच्या दारावरून जाते. एकदाही आत आले नाही."

"तुला कामं असतात."

"काकूंनाही असायची," ती म्हणाली आणि खाली बघत राहिली.

ड्रायव्हरकडे सगळ्यांचं लक्ष होतं. एरवी सांत्वनाच्या चार ओळी तरी त्याच्याकडून आल्याच असत्या. पण तो खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून बसला होता. एवढंच म्हणाला, "मी येणार होतो." नर्सबाईने त्याला हात दिला, तो उठला आणि दोघं निघून गेली. त्या दिवशी चहा तसाच राहिला.

"लागलं त्यांना," कपबशा आवरताना मेहुणी म्हणाली.

"मी खोटं बोललो का?"

"खोटं नाही बोललात. पण खरं बोलून झाल्यावर समोरच्याचं तोंड बघायचं थांबू नये."

ते तोंड त्याने बघितलं होतं, तीच तर पंचाईत होती. दोन दिवस वेत ओढताना ते डोळ्यांसमोरून हलेना. तिसऱ्या दिवशी त्याने हात धुतले, दुकानाचं दार ओढून घेतलं आणि मेहुणीकडे गेला. त्याला ड्रायव्हरचं घर ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं जो माणूस आपल्या खुर्च्यांवर बसत आला, तो राहतो कुठे, हे त्याला विचारावं लागलं.

घर फार लांब नव्हतं. मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या गल्लीत, जिन्याने वर. दुपार होती आणि जिन्यातल्या खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. त्याने कडी वाजवली. दार उघडलं. दोघं समोरासमोर, हातभर अंतरावर.

"कोण?" ड्रायव्हरने विचारलं.

वेतवाल्याला वाटलं, रागाने ओळख दाखवत नाही. "ओळखलं नाही? बुधवारी तुमच्या प्रार्थनेत खोडा घातला तो."

"अरे! या, या. मागून ऊन आलं की मला नुसता आकार दिसतो हो." ड्रायव्हर भिंतीला हात लावत मागे सरला. "खुर्ची आहे तिथे. तुमच्यासारखी नाही, प्लास्टिकची आहे. धंद्याचा अपमान समजू नका."

खोली साधीच होती, पण प्रत्येक वस्तू कडेला, ओळीने. वाट मोकळी. वेतवाल्याने बघितलं आणि त्याला कळत गेलं.

"डोळे कधीपासून?"

"जातच चाललेत. काकूंना ठाऊक होतं, त्या मंगळवारी येऊन भाजी निवडून द्यायच्या. नर्सबाईला मी गुडघे दुखतात म्हणून सांगितलंय, म्हणून ती हात धरून आणते." तो हसला. "जन्मभर बस चालवली मी. भरल्या रस्त्यातून माणसं न्यायचो-आणायचो. आता कोपऱ्यावरचा सिग्नल दिसत नाही. तुमच्याकडे यायला निघालो होतो, खरंच. कोपऱ्यापर्यंत गेलो. लोक ओलांडत होते, मला धीर होईना. परत फिरलो. हे कुणाला सांगणार? मग बुधवारी तुमच्यासाठी झोप मागितली."

वेतवाल्याला आपल्याच बोलण्याची चव तोंडात कडू लागली. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने मनातलं विचारून टाकलं, "तुम्ही एवढी लांबलचक प्रार्थना का करता हो?"

ड्रायव्हर चिडला नाही. "थांबलो की खोली गप्प होते. मग वाटतं, पलीकडे कुणी ऐकतच नसलं तर? म्हणून बोलत राहतो."

"तुम्हालाही असं वाटतं?"

"मलाही म्हणजे? तुम्हाला काय वाटलं, हे दुखणं फक्त तुमच्याच घरचा पत्ता विचारत आलं?" तो पुढे झुकला. "काकूंना मी सांगितलं होतं हे. त्या म्हणाल्या, मग तेवढंच म्हणा बुधवारी. ताकाला जायचं आणि भांडं कशाला लपवायचं? पण मला नाही जमलं. आणि परवा तुम्ही, ज्यांनी कधी तोंड उघडलं नाही, ते भडाभडा बोलून मोकळे झालात. दुःख-बिःख काही नाही हो, मला तुमचा हेवा वाटला. त्या रागात चहाही घेतला नाही."

वेतवाला मोठ्याने हसला. बायको गेल्यापासून असं हसणं झालं नव्हतं. ड्रायव्हरही हसायला लागला, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले.

मग दोघं नुसते बसले. खाली गल्लीत कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती होत नव्हती. बायको अशा वेळी काय करायची? ती ह्याच खुर्चीवर बसली असणार, मांडीवर भाजीचं ताट घेऊन. इथेच तिने ह्या माणसाला ऐकून घेतलं असणार आणि बुधवारी खोलीत त्याचं गुपित न सांगता त्याच्यासाठी मागितलं असणार. त्याला आता आठवलं, ती म्हणायची, "ज्याला वाट दिसत नाही त्याच्यासाठी." तो समजायचा की ही बोलण्याची पद्धत आहे.

"प्रभू," वेतवाला म्हणाला, आणि स्वतःचा आवाज ऐकून थबकला. ड्रायव्हरने चटकन मान खाली घातली. आता माघार नव्हती. "प्रभू, ह्यांना रस्ता दिसत नाही आणि मला तू. आम्ही दोघं इथे बसलो आहोत. तू असलास तर..." त्याने ते वाक्य सोडून दिलं. दुसरं शोधलं. "ह्यांना एकटं वाटू देऊ नकोस. मी येत जाईन. पण मी सगळ्या वेळी नसणार, ते तू बघ. आणि माझी बायको..." इथे त्याचा आवाज गेला. ड्रायव्हर एरवी मधेच पुढची ओळ पुरवायचा. आज तो गप्प बसून राहिला, आणि ती शांतता त्यानेही सोसली.

निघताना ड्रायव्हर दारापर्यंत आला. "बुधवारी कुठे जमायचं मग? तुम्ही तर आम्हाला हाकललंत."

"माझ्याकडेच. मी न्यायला येतो."

"गुडघ्यांसाठी?"

"डोळ्यांसाठी. आणि ते सगळ्यांना सांगायचं, तुम्ही स्वतः."

"सांगतो," ड्रायव्हर म्हणाला. "थोडक्यात सांगतो."

वेतवाला जिना उतरून गल्लीतून कोपऱ्यावर आला. येताना त्याने हा रस्ता कसा ओलांडला होता ते त्याच्या लक्षातही नव्हतं. आता तो थांबला. गाड्या दोन्ही बाजूंनी सुसाट येत होत्या. समोरचा दिवा झाडाच्या फांदीने अर्धा झाकला होता, चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही मान वाकडी करून बघावा लागेल असा. पट्टे पुसट झाले होते. एक मोटारसायकल तर लाल दिवा असतानाच सूं करून गेली.

"कसलं ठिकाण आहे हे," तो वैतागून म्हणाला. "निदान इथे तरी तू उभा राहत जा. त्यांचा हात धर."

दिवा बदलला. तो रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर चढला, आणि आपण हे कुणाशी बोललो ते तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं.